धुऊन आलेला डबा

दंतवैद्याकडून परतताना काझुयोचा अर्धा चेहरा तिचा राहिला नव्हता. इंजेक्शननं बधिर झालेला डावा गाल तळ्यावरच्या वाऱ्यात कुणा परक्याचा असावा तसा लोंबत होता, आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली तरी आपल्याला कळणार नाही या धास्तीनं ती पुन्हा पुन्हा तिथे रुमाल टेकवत होती. नोव्हेंबरचं आभाळ मात्सुएच्या छपरांवर ओल्या गोधडीसारखं उतरलं होतं. बस चुकली म्हणून तिनं तळ्याकाठची वाट धरली होती. ही वाट हायस्कूलच्या पिछाडीला, तारेच्या कुंपणाला चिकटून जाते. मधली सुट्टी होती. आतला पोरांचा कल्ला पाण्यावर आपटून परत येत होता. व्यायामशाळेच्या मागच्या पायरीवर एक मुलगी एकटीच जेवत बसली होती. खरं तर काझुयोला आधी मुलगी दिसलीच नाही, डबा दिसला. गुडघ्यांवर पसरलेला निळा रुमाल, त्यावरची तागाच्या पानांची पांढरी नक्षी, बाजूला ठेवलेल्या झाकणाच्या कडेवरचा लांबट चरा. मग जेवणाच्या काड्यांच्या टोकांत धरलेली अंड्याची पिवळी गुंडाळी वर उठली, आणि सकाळी तिनं स्वतःच्या हातांनी तव्यावर पदर पदर करून वळलेली ती वस्तू एका अनोळखी तोंडात नाहीशी झाली.

मुलीचे केस कानाशी कापलेले होते आणि एक मोजा घसरून घोट्यावर आला होता. ती घाईनं खात नव्हती. प्रत्येक घासाआधी काड्या क्षणभर डब्यावर थांबत, एखादं पान उलटण्याआधी वाचणाऱ्याचं बोट थांबावं तशा. शेवटची शितं तिनं एकेक करून टिपली, हात जोडले, रिकाम्या डब्यापुढे मान लववली, आणि उठून भिंतीलगतच्या नळावर डबा धुतला. खिशातल्या रुमालानं पुसला. मग निळा रुमाल पसरून त्याची गाठ मारली. गाठ डावीकडे कललेली, एक कान लांब ठेवलेली. काझुयो मारते अगदी तशी. हे आजचं नव्हतं, हे त्या गाठीनं सांगितलं. एक दिवस दिलेला डबा कुणी अशा गाठीनं बांधत नाही. या गाठीला हात बसलेला होता. काझुयो कुंपणापासून मागे सरली, जणू पकडली गेली होती ती तीच.

डबा त्रीनूचा होता. म्हणजे त्याआधी तो चिनात्सुचा होता, काझुयोच्या मुलीचा, आणि उन्हाळा सरता सरता एस्टोनियाहून त्रीनू वर्षभराची विद्यार्थिनी म्हणून या घरात आली तेव्हा कपाटातून काढून, उकळत्या पाण्यातून काढून तो तिला दिला गेला होता. खोलीही चिनात्सुचीच. गादी चिनात्सुची, टेबलावरचा दिवा चिनात्सुचा, दाराबाहेरच्या सपाता तेवढ्या नव्या, कारण त्रीनूचे पाय मोठे. पहिल्या संध्याकाळी काझुयोनं विचारलं होतं, "तुला काय चालत नाही?" आणि लांब मानेच्या त्या मुलीनं, विमानात पाठ केलेलं असावं असं वाक्य एका दमात म्हटलं होतं: "मी सगळं खाते." काझुयोनं त्यावर विश्वास ठेवला. परक्या घरात पहिल्या संध्याकाळी तिनं स्वतः हेच वाक्य म्हटलं असतं, आणि ते खरं नसतं, हे त्या वेळी तिच्या मनात का आलं नाही? त्रीनू सकाळी दारात बूट चढवताना "येते हं" म्हणायची, काझुयो "ये" म्हणायची, आणि संध्याकाळी डबा परत यायचा तो धुतलेला, पुसलेला, पालथा घातला तरी थेंब न पडणारा. शेजारच्या अदाचीबाईंना तिनं कुंपणावरून सांगितलंही होतं. "आमची पोर डबा स्वतः धुऊन आणते हो." अदाचीबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे परदेशची मुलगी डबा धुते, आमच्याकडे घरची सून कपसुद्धा उचलत नाही. त्या देशात सुना मिळतात का, विचारून ठेवा." दोघी हसल्या होत्या. ते हसू आता काझुयोच्या बधिर गालाखाली कुठेतरी अडकून पडलं.

घरी येऊन ती स्वयंपाकघरात उभी राहिली. नेहमीच्या वस्तू नेहमीच्या जागी होत्या आणि त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. आयताकृती छोटा तवा, ज्यावर अंड्याखेरीज दुसरं काही केलं जात नसे. फरसबीसाठी तीळ कुटायचा खाचांचा कुंडा. खारवलेल्या आलुबुखारांची बरणी. या घरात बोलणं फार होत नसे. तिचा नवरा तोशिहारु जिल्हा कचेरीच्या रस्तेखात्यातून दमून येई आणि बातम्यांना मान डोलावी. चिनात्सु शाळेत असताना मुकाट्यानं जिना चढून जाई. जे सांगायचं ते काझुयो डब्यात भरायची. परीक्षेच्या दिवशी तळलेला तुकडा, थंडी वाढली की आल्याचा कीस, भांडण झालं असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी आवडीच्या दोन वस्तू, त्या मात्र भाताखाली लपवलेल्या. आणि उत्तर संध्याकाळी यायचं. डबा उचलला की हाताला कळायचं. काड्या आत खुळखुळायच्या. झाकण उघडून ती रिकामा तळ बघायची, आणि तो रिकामेपणा तिच्यापुरता भरगच्च असायचा. दिवसभरात कुणाशी बोलल्यासारखं वाटायचं ते तेवढंच.

तिच्या स्वतःच्या लहानपणी असं नव्हतं. खाडीपलीकडच्या बंदरात तिची आई पहाटेपासून लिलावाच्या आवारात खेकडे निवडायची. डब्यात पांढरा भात आणि मधोमध एक लाल आलुबुखार, बाकी काही नाही. त्या खारानं ॲल्युमिनियमच्या झाकणाला मधोमध खड्डे पडले होते. वर्गात ती झाकण उभं धरून त्याच्या आडून खायची, म्हणजे शेजारच्या मुलींना आत काय आहे ते दिसू नये. झाकणाच्या त्या बोटभर सावलीत जेवण उरकताना तिनं काही ठरवलं असेल तर ते हेच, की आपल्या मुलाला डबा झाकून खावा लागणार नाही. पुढे चिनात्सुच्या डब्यात सॉसेजचे आठ पायांचे ऑक्टोपस उभे राहिले, समुद्रशेवाळ कापून केलेले डोळे भातातून बघू लागले, गाजराची फुलं उमलली. बालवाडीच्या बाईंनी एकदा तो डबा सगळ्यांना फिरवून दाखवला होता. चिनात्सु त्या दिवशी घरी येऊन म्हणाली होती, "आई, माझा डबा सगळ्यांत छान." काझुयोनं ते वाक्य जपून ठेवलं, आणि मुलगी मोठी झाली तरी ऑक्टोपस थांबले नाहीत.

संध्याकाळी त्रीनू आली, "आले" म्हणाली, धुतलेला डबा ओट्यावर ठेवला. काझुयो म्हणाली, "ये. दमलीस?" चेहऱ्याची बधिरता उतरली होती आणि ठणका सुरू झाला होता, त्यामुळे तिला हसता आलं नाही तरी त्याचा दोष दाढेवर जाणार होता. विचारता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य जिभेवर आणताच ते किती उघडं आहे हे तिला जाणवलं. न्हाणीघरातून कुणी अंग न पुसता बाहेर यावं तसं. इथे कुणी कुणाला असं विचारत नाही. इथे माणूस एखादी गोष्ट कडेला ठेवतो आणि दुसऱ्यानं ती उचलायची वाट बघतो. म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी डब्यात अंडं घातलंच नाही. अंड्याच्या जागी मीठ लावून भाजलेला साल्मनचा तुकडा बसवला, गाठ मारली, आणि रात्रीच्या जेवणाला तळ्यातल्या बारीक तिसऱ्यांच्या सारात पळी फिरवत म्हणाली, "आजच्या डब्यातलं अंडं जरा जास्तच गोड झालं होतं, नाही?"

"नाही आई, बरोब्बर होतं," त्रीनू म्हणाली. "मला तसंच आवडतं."

तोशिहारु हसला. "हिला काहीही द्या, बरोब्बरच म्हणणार. आमच्या खात्यात चिकट, पोरी, साहेब डोक्यावर घेऊन नाचतील."

"दानदान, बाबा," त्रीनू म्हणाली. आभाराचा हा जुना गावठी शब्द त्यानंच तिला शिकवला होता; गावातल्या तरुण पोरांनी तो केव्हाच सोडला होता, आणि ती मासळीच्या दुकानात तो म्हणाली की म्हातारा दुकानदार मूठभर तिसऱ्या वर टाकायचा.

"बघितलंस, आई? आपल्या चिनात्सुनं कधी म्हटलं होतं का दानदान?" तोशिहारु बायकोला म्हणाला. मूल झाल्यापासून तो तिला आईच म्हणत आला होता आणि ती त्याला बाबा. मूल निघून गेल्यावर बदलायला दुसरी नावं दोघांकडे उरली नव्हती. काझुयोनं सार वाढलं. तिसऱ्यांचे काळे शिंपले वाटीच्या तळाशी एकमेकांवर घासले आणि त्या बारीक आवाजानं तिची दाढ कळवळली. आपण एका पाहुण्या पोरीला सापळ्यात धरलं आणि ती त्यात अलगद, हसत, पाय ठेवून गेली, याची लाज तिला वाटत होती. पण त्या लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, थंड आणि सावकाश, आणि ते त्रीनूबद्दल नव्हतंच. रिकामा डबा म्हणजे उत्तर, हे कुणी सांगितलं होतं? डबा रिकामा करायला काय लागतं? एक नळ, एक कचऱ्याचा डबा, एक भुकेली मुलगी. तळ्यावर घारी आहेत. चिनात्सुच्या शाळेच्या वाटेवर पूल होता, पुलाखाली पाणी होतं. त्या सगळ्या संध्याकाळी, ओट्याशी उभं राहून झाकण उघडताना, आपण नेमकं कुणाशी बोलत होतो?

शनिवारी अदाचीबाईंनी टोपलीभर तुरट तांबूस फळं दिली, हिवाळ्यासाठी सोलून, दोरीला बांधून वळचणीखाली वाळवायची ती. व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून काझुयो आणि त्रीनू सोलायला बसल्या. त्रीनूचा चाकू जाड चालायचा. तिच्या साली रुंद आणि तुटक पडत, काझुयोच्या एकसंध लांब. ऊन नव्हतं, नुसता उजेड होता. मग त्रीनू चाकू न थांबवता म्हणाली, "आई, गुरुवारी डब्यात अंडं नव्हतं."

"असं?"

"वाकाना म्हणाली. माझ्या वर्गातली. तिची आई रात्रपाळी करते, सकाळी झोपलेली असते. तिला डबा नसतो. आणि मला…" इथे तिनं शब्द शोधला, सापडला नाही तेव्हा हातानं गळ्याकडे दाखवलं. "थंड भात उतरत नाही. घरी गरम खाते मी, तुम्ही बघता ना, दोन वाट्या खाते. पण थंड झाला की नाही. पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. पण मला इथे पाठवणाऱ्या संस्थेच्या बाई म्हणाल्या होत्या, सगळं खाते म्हणायचं. आणि तुम्ही अंधारात उठता. मला वरती आवाज येतो, तवा ठेवल्याचा."

काझुयोच्या हातातली साल तुटली नाही. ती लांबत राहिली.

"तुम्हाला माहीत होतं," त्रीनू म्हणाली. "म्हणून विचारलंत."

"मला कुठलं माहीत असणार? गुरुवारी अंडी संपली होती. माझ्याच लक्षात राहिलं नाही. वय झालं."

त्रीनूनं चाकू खाली ठेवला. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. तिची कातडी इतकी पातळ होती की तिला काहीच लपवता येत नसे. "आमच्याकडे असं झालं की आई ओरडते. भांडी आपटते. मग संपतं. मग आम्ही कॉफी पितो. तुम्ही ओरडा ना, आई."

"ओरडायचं काय त्यात? सोमवारपासून पाव देत जाईन तुला. त्या मुलीचाही डबा भरेन, त्यात काय मोठं. चाकू नीट धर, बोट जाईल."

"वाकाना म्हणते, असं जेवण तिनं कुठेच खाल्लं नाही. खरंच म्हणते. ती कधी कधी रडते."

"अगं बाई, मीठ जास्त पडत असेल," काझुयो म्हणाली, आणि दोघी हसल्या, कारण आता हसण्याखेरीज दुसरं दार उघडं नव्हतं. पण त्या मुलीची तारीफ तिच्यापर्यंत पोचली नाही. चुकून शेजारच्या घरी गेलेलं पार्सल कुणी आनंदानं उघडलं, वापरलं, फार आवडलं म्हणून निरोप पाठवला, असा तो प्रकार होता. ज्याच्या नावानं ते गेलं होतं तो अजून दारात उभाच. सोललेली नागडी फळं दोरीवर हारीनं लोंबू लागली. त्यांच्यावरचा ओलावा हवेत हळूहळू काळवंडत होता. त्रीनू वर गेल्यावरही काझुयो व्हरांड्यात बसून राहिली, चिकट बोटं एकमेकांपासून सोडवत. एक प्रसंग तिच्या मनात पुन्हा पुन्हा येऊन उभा राहत होता, ज्याकडे तिनं आजवर नीट पाहिलं नव्हतं. आजोबांच्या वर्षश्राद्धाला चिनात्सु कोबेहून आली होती, आणि मुक्काम न करता त्याच दिवशी परत निघाली होती. तिथल्या एका चष्म्याच्या दुकानात ती काम करते. गाडीत खायला म्हणून काझुयोनं डबा बांधून दिला होता. तोशिहारु तिला स्टेशनवर सोडून आला आणि दारातल्या बुटांच्या कपाटावर डबा तसाच होता. "विसरली बघ," काझुयो म्हणाली होती. तोशिहारु म्हणाला होता, "फलाटावर पाव घेतला तिनं. भूक लागलेली दिसली." त्या वेळी दोघांनी मिळून तो डबा खाल्ला होता, उभ्या उभ्या, वाया जाऊ नये म्हणून.

रविवारी दुपारी तोशिहारु गाडी धुवायला गेला आणि त्रीनू शाळेच्या वाद्यवृंदाच्या सरावाला. घर इतकं शांत झालं की फ्रिजचा घरघराट तिला स्वतःच्या आतून आल्यासारखा वाटला. तिनं फोन लावला. चिनात्सुनं उशिरा उचलला.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"काही झालं नाही. सहजच. तुझी सुट्टी आहे ना आज?"

"आहे. कपडे वाळत घालतेय. ती मुलगी काय म्हणते? तुझी नवी लेक?"

"बरी आहे. बाबांची लाडकी झाली आहे." काझुयो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. "चिनात्सु, एक विचारू? हायस्कूलला असताना तू डबा खात होतीस ना?"

पलीकडे कपडा झटकल्याचा आवाज आला. "हे काय मध्येच."

"असंच. डबा भरताना आठवलं."

"खात होते."

"सगळा?"

"सगळा. एक शीतही टाकलं नाही कधी. शपथ घेऊ का?"

काझुयोच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. ती जमिनीवरच बसली. इथेच तिनं फोन ठेवायचा होता. चटईच्या विणीतून बोट फिरवत, बरं वाटलं म्हणून, केवळ बोलणं आणखी थोडं लांबावं म्हणून, तिनं विचारलं, "कुणाबरोबर बसायचीस गं? ती उंच मुलगी होती ना एक, त्सुमोरीची?"

"आई, जाऊ दे ना."

"का? भांडलीस का तिच्याशी?"

"ती माझ्याशी बोलतच नव्हती. कुणीच नव्हतं बोलत." चिनात्सुचा आवाज आता सपाट झाला होता, दुकानात गिऱ्हाइकाला काचेचा क्रमांक सांगावा तसा. "दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेशेजारी स्वच्छतागृह होतं. तिथे गर्दी नसायची. शेवटच्या दारात बसायचे. झाकण पाडून. तिथे खायचे."

"संडासात?"

"हो."

फ्रिज थांबला. थांबल्यावर कळलं की तो इतका वेळ चालू होता.

"ऑक्टोपसवरून सुरू झालं. मग चालूच राहिलं. बालवाडीत जाते म्हणायचे. डबा उघडला की सगळे उठून बघायला यायचे, आज काय आणलंय बाळानं म्हणून."

"मग सांगायचं होतंस. साधा भात दिला असता मी. नुसता भात."

"तू रोज संध्याकाळी डबा उघडून बघायचीस. जिन्यावरून दिसायचं मला. तुझं तोंड असं…" ती थांबली. "कोण सांगेल, आई? तुझं ते तोंड बघून कोण सांगेल?"

"टाकून द्यायचा होतास."

"टाकता आला असता तर सुटलेच असते की. हातच जायचा नाही. तू अंधारात उठायचीस ना." मग जवळजवळ मायेनं ती म्हणाली, "गेलं ते. आता काही नाही. फक्त अंड्याचा तो गोड वास आला की अजून मला दार बंद झाल्यासारखं होतं. म्हणून मी खात नाही, बाकी काही नाही. त्या मुलीला सांग, नाही खाल्लं तरी चालतं म्हणावं."

"नव्या वर्षाला येशील?"

"बघते. दुकानात माणसं कमी आहेत."

फोन ठेवल्यावर काझुयोला रडू आलं नाही. रडू येण्यासाठी काहीतरी मोडायला लागतं, आणि इथे काहीच मोडलं नव्हतं. सगळं पोचलं होतं. तिनं पाठवलेला प्रत्येक शब्द पोचला होता. परीक्षेच्या दिवशीचा तुकडा, आल्याचा कीस, भाताखाली लपवलेल्या दोन आवडत्या वस्तू, हे सगळं त्या अरुंद खोलीत, ओल्या फरशीच्या आणि औषधी वासाच्या मधोमध, एका मुलीनं गुडघ्यांवर उघडलं होतं आणि शेवटच्या शितापर्यंत संपवलं होतं, कारण ते प्रेम होतं आणि प्रेम टाकता येत नाही. तिनं ते फेकलं असतं तर! घारींना घातलं असतं, पुलावरून पाण्यात सोडलं असतं, तर आज काझुयोला नुसतं दुःख झालं असतं. दुःख धरायला जागा असते. हे धरायला कुठेच जागा नव्हती. तोशिहारु ओल्या बाह्यांनी आत आला आणि म्हणाला, "आई, अंधारात काय बसलीस?" ती म्हणाली, "दिवा लावायचा राहिला." त्यानं दिवा लावला. दोघं क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिले, प्रकाशामुळे डोळे मिचकावत. "दाढ दुखतेय अजून?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "दुखतेय."

सोमवारी ती नेहमीसारखी उठली. जिन्यावाटे वरती आवाज जाऊ नये म्हणून तवा तिनं आधी फडक्यावर ठेवला, आणि तसं करताना तिला वाटलं, आपण आपल्याच घरात चोर झालो. अंडी फोडली. साखर, चिमूटभर मीठ, चमचाभर सार. पातळ थर ओतायचा, फुगा आला की काडीनं फोडायचा, गुंडाळायचा, तेल पुसायचं, पुन्हा ओतायचा. हातांना काहीच कळलेलं नव्हतं, ते आपलं काम करत होते. त्रीनूसाठी तिनं पाव, लोणी आणि काकडी कागदात बांधली. वाकानासाठी निळ्या रुमालातला डबा भरला. मग कपाटातून आणखी एक डबा काढला आणि त्यातही तेच सगळं, त्याच क्रमानं भरलं. तोशिहारु टाय बांधत डोकावला.

"हा तिसरा कुणाचा? माझा की काय? आमच्या कँटीनवाल्याला हृदयविकाराचा झटका येईल."

"तुमचा नाही."

"मग?"

"माझा."

"दंतवैद्याकडे सहल आहे वाटतं," तो म्हणाला, आणि तिनं हसायची वाट न बघता बूट चढवू लागला. त्रीनू दोन पुडकी घेऊन दारात उभी राहिली. तिनं निळ्या गाठीकडे पाहिलं, मग काझुयोकडे, आणि काहीतरी मोठं म्हणावं असं तिच्या पातळ कातडीवर उमटून गेलं. पण या घरात राहून राहून तीही आता इथली झाली होती. "येते हं, आई," एवढंच म्हणाली. "ये," काझुयो म्हणाली.

मध्यान्हीच्या सुमाराला काझुयो स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर गेली. तिथे उशा, पडदे आणि श्राद्धाच्या भेटवस्तू विकत, गिऱ्हाईक क्वचित. स्वच्छतागृहात कुणी नव्हतं. ती ओळीच्या शेवटच्या दारात शिरली, कडी लावली, झाकण पाडून बसली आणि डबा मांडीवर घेतला. जागा तिला वाटलं होतं त्याहून लहान होती. कोपरं हलवली की दोन्ही बाजूंना भिंत लागत होती, आणि डब्याचं झाकण ठेवायला जागाच नव्हती. ते तिनं शेवटी हनुवटीखाली धरलं. भिंतीवर एक बटण होतं, दाबलं की पाणी वाहिल्याचा खोटा आवाज येणारं. शाळेत असं बटण नसणार, म्हणून तिनं ते दाबलं नाही. हात जोडून ती हलकेच "जेवते" म्हणाली. पहिला घास तिनं कमळकाकडीचा घेतला, व्हिनेगरात मुरवलेल्या चकतीचा, आणि दात पडताच जो करकर आवाज झाला त्यानं ती जागच्या जागी गोठली. डब्यात रोज एक तरी कुरकुरीत वस्तू असावी, हा तिचा नियम होता. मऊ भाताबरोबर दातांना काहीतरी सोबत हवी, असं ती म्हणायची. कमळकाकडी, मुळ्याचं पिवळं लोणचं, कच्ची सेलरी. त्या फरश्यांनी, त्या उंच छतानं तो आवाज केवढा करून परत दिला असेल, दाराबाहेर केस विंचरणाऱ्या मुलींपर्यंत!

पावलं आली. दोघीजणी होत्या, नळ सुटला, पर्सची साखळी सरकली.

"लोणच्याचा वास येतोय का गं?"

"तुला भूक लागली आहे, दुसरं काय."

"नाही गं, खरंच. गोडसर काहीतरी. अंड्यासारखं."

"चल, खाली सेवया खाऊ. तुझ्या नाकाचे पैसे तूच द्यायचे."

नळ बंद झाला. काझुयोच्या तोंडात अर्धवट चावलेली चकती तशीच होती. ती चावता येत नव्हती आणि गिळताही येत नव्हती. दुखऱ्या दाढेच्या बाजूला ढकलून, जिभेनं दाबून, तिनं ती तशीच धरून ठेवली आणि नाकानं श्वास घेत राहिली. आंबट पाणी गळ्यात उतरत होतं. एक जण गेली. दुसरीची पावलं जवळ आली, थांबली, आणि तिच्या दारावर दोनदा टकटक झाली. बाहेरून कुणी ठोठावलं की आतल्यानं उलट ठोठावायचं. लहानपणी हे काझुयोनंच चिनात्सुला शिकवलं होतं, सगळ्याच आया शिकवतात. तिनं मूठ वर नेली आणि बोटांच्या पेरांनी दारावर दोनदा ठोठावलं. आत माणूस आहे, एवढंच त्यात सांगता येतं. कोण आहे, काय करतंय, किती वर्षं बसलंय, हे सांगायची त्यात सोय नसते. "माफ करा हं," बाहेरून आवाज आला, आणि पावलं पुढच्या दाराकडे वळली. कुठेतरी पाणी जोरात सुटलं. त्या आवाजाच्या आडोशानं काझुयोनं भराभरा चावून घास गिळला, आणि ते पाणी थांबायच्या आत अंड्याची गुंडाळी उचलून तोंडात टाकली. ती मऊ होती. गोडी बेताची होती, पदर सुटे सुटे लागत होते, थंड झाल्यावर चव उलट खुललीच होती. त्यात काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं.